आतले पॅड : इंदूरमधील एका ब्रेक-दुरुस्तीचे प्रकरण

राजेंद्रनगरात आमच्यापासून तिसऱ्या घरात राहणारे काका बँकेतून निवृत्त झाले त्याला आता आठ वर्षे झाली. त्यांची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी २०१६ सालची असून, येथे सांगितलेला प्रकार घडला तेव्हा ती ६१,४०० किलोमीटर चाललेली होती. पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम, अशी या वर्गातील गाड्यांची नेहमीची ब्रेक-रचना या गाडीलाही आहे. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी; ब्रेक दाबला की आतले आणि बाहेरचे अशी दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबतात. ड्रममध्ये हेच काम लायनर करतात. मी स्वतः पीथमपूरच्या एका कारखान्यात वाहनांच्या सुट्या भागांची तपासणी करण्यात बावीस वर्षे घालवली आहेत. त्यामुळे घरात व्हर्नियर, म्हणजे जाडी बारकाईने मोजण्याचे साधन, असतो आणि गल्लीतल्या गाड्यांच्या तक्रारी आपोआप माझ्याकडे येतात. २०२५ च्या जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत ही गाडी एकाच तक्रारीसाठी तीन ठिकाणी गेली. पहिल्याने काही बिघडलेले नाही असे सांगून शंभर रुपये घेतले, दुसऱ्याने २३,८६० रुपयांचा अंदाज लिहून दिला आणि तिसऱ्याने ४,७४० रुपयांत गाडी चालती केली. स्वस्त सांगणारा तो खरा आणि महाग सांगणारा तो लबाड, हा आपला घरगुती हिशेब या प्रकरणात दोन्ही बाजूंनी चुकला, म्हणून ते तपशिलाने लिहीत आहे.

तक्रारीची सुरुवात काकूंकडून झाली. जुलैच्या पावसात गाडी सावकाश चालत असताना डाव्या बाजूने बारीक शिट्टी वाजते, असे त्या म्हणू लागल्या. काकांना ती शिट्टी कधीच ऐकू आली नाही, आणि जे आपल्याला ऐकू येत नाही ते नाहीच, असे त्यांनी ठरवून टाकले. वास्तविक वय वाढते तसे आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात आणि झिजलेल्या पॅडची शिट्टी नेमकी त्याच पट्टीत वाजते. अनेक पॅडांच्या लोखंडी पाठीवर पत्र्याची एक छोटी पट्टी मुद्दाम बसवलेली असते. पॅडचा घर्षणाचा थर दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती फिरत्या डिस्कला टेकते आणि वाजू लागते. बऱ्याच गाड्यांत ही पट्टी आतल्या पॅडवर असते. काकू डाव्या आसनावर बसतात, त्यांची खिडकी उघडी असते आणि त्यांच्या पायांपुढे दोन हातांवर ते चाक आहे. थोडक्यात, या गाडीतला सर्वांत भरवशाचा मापक त्याच होत्या. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो आणि सकाळी ब्रेक लावताना खरखर होते, ही गोष्ट खरी आहे. परंतु ती खरखर चार-पाच वेळा ब्रेक दाबल्यावर जाते. काकूंना ऐकू येणारी शिट्टी छावणीपर्यंत जाऊन भाजी घेऊन परत येईपर्यंत टिकत होती.

दुसरे लक्षण काकांच्या डोळ्यांसमोर होते. वळणावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा क्षणभर लागे आणि विझे. हा दिवा हँडब्रेकचा असल्यामुळे दांडा नीट खाली बसला नसेल, असे समजून ते तो दर वेळी खाली रेटत राहिले. अनेक गाड्यांत तोच दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्याचीही सूचना देतो, आणि पातळी काठावर आलेली असली की वळणावर ऑइल एका बाजूला कलते व दिवा लुकलुकतो. पॅड झिजत जाते तसा कॅलिपरमधला, म्हणजे पॅडना धरणाऱ्या लोखंडी पकडीतला, पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्यामागे झालेली जागा भरण्यासाठी टाकीतले ऑइल खाली उतरते. म्हणून टाकीतली पातळी घसरण्याची मुख्य कारणे दोनच असतात : पॅड किंवा मागचे लायनर झिजले आहेत, नाहीतर कुठेतरी गळती आहे.

काकांनी गाडी त्यांच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. चौदा वर्षांची ओळख आहे, दिवाळीला घरी फराळाला येणारा माणूस आहे आणि त्याने कधी दहा रुपये जास्त घेतले असे काकांना आठवत नाही. त्याने अलॉय चाकाच्या फटीतून मोबाइलचा उजेड टाकून पॅड पाहिले, ‘लेदर तो अभी बहुत है, बाबूजी’, म्हणजे पॅडचा थर अजून पुष्कळ आहे, असे सांगितले, चाकांवर हवा मारून धूळ उडवली, टाकीत ब्रेक ऑइल वरच्या रेघेपर्यंत भरले आणि ऑइलचे तेवढे शंभर रुपये घेतले. मजुरी घेतली नाही. दिवा लागायचा थांबला. काकांनी काकूंना सांगितले की मिस्त्रीने पाहिले आहे, आता शिट्टीचा विषय नको.

माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत धोक्याची गोष्ट हीच घडली, आणि ती एका सज्जन माणसाच्या हातून घडली. त्याने पाहिले ते बाहेरचे पॅड होते आणि ते खरोखर जाड होते. आतले पॅड, म्हणजे डिस्क आणि इंजिन यांच्या मधल्या बाजूचे, चाक उतरवल्याशिवाय नीट दिसत नाही. शिवाय पातळी का उतरली हे न पाहता ऑइल भरल्यामुळे गाडी स्वतः देत असलेली एकमेव दृश्य सूचना त्याने बंद केली. पुढचे चार महिने काकांची गाडी दिव्याशिवाय, आणि काकांपुरती आवाजाशिवायही, धावत राहिली.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी काका-काकू महेश्वरला निघाले. महूवरून मंडलेश्वरकडे जाणारा रस्ता अहिल्याबाईंच्या काळातल्या जाम दरवाज्यापाशी माळव्याचे पठार सोडतो आणि वळणे घेत निमाडात उतरतो. उतारावर पेट्रोल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रल करण्याची काकांना फार जुनी सवय आहे. कार्बोरेटरच्या गाड्यांच्या काळापासून ती अनेकांच्या हाडांत मुरली आहे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात मात्र गाडी गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिन वेगात फिरत असेपर्यंत पेट्रोल मुळी सोडलेच जात नाही, आणि न्यूट्रल केले तर इंजिन फिरते ठेवण्यापुरते पेट्रोल जळत राहते. म्हणजे बचत तर होत नाहीच, वर सगळा भार ब्रेकवर येतो. तो भार किती असतो, हे साध्या आकडेमोडीने कळते. माणसांसह ११०० किलो वजनाची गाडी ३०० मीटर खाली उतरली तर सुमारे ३२ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत दहा लिटर साधे पाणी उकळीला येते. इंजिनाने आपला वाटा उचलला नाही तर हवा आणि टायर यांचा थोडा वाटा सोडून बाकीची उष्णता चार चाकांत जाते, आणि त्यातही पुढच्या दोन चाकांत अधिक.

चौथ्या का पाचव्या वळणावर पेडल मऊ लागले, पुढच्या वळणावर ते जवळजवळ तळाला टेकले. काकांनी भराभर दोन-तीनदा दाबून पाहिले, थोडी पकड आली, तेवढ्यात त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली आणि हँडब्रेक हळूहळू ओढला. हँडब्रेक तारेने मागच्या ड्रमवर काम करतो, त्याचा ऑइलशी संबंध नसतो, म्हणून तो लागला. गाडी एका चहाच्या टपरीसमोर थांबली तेव्हा डाव्या पुढच्या चाकातून जळका वास येत होता आणि त्या चाकाजवळ हात नेववत नव्हता. उजव्या चाकाला हात लावता येत होता. टपरीवाला पाण्याचा मग घेऊन धावला, तेव्हा तिथे थांबलेल्या एका टेंपोवाल्याने त्याला अडवले : ‘पानी मत डालना भिया, डिस्क टेढ़ी हो जाएगी.’ त्या अनोळखी माणसाचे उपकार आहेत, कारण तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडले तर ती वाकू शकते किंवा तिला तडा जाऊ शकतो.

पाऊण तासाने पेडल पुन्हा नेहमीसारखे घट्ट झाले. जे घडले ते असे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. मानकाप्रमाणे डॉट ३ प्रकारचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरले की ही हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. काकांच्या गाडीतले ऑइल किमान पाच वर्षे बदललेले नव्हते. जुलैत वरून घातलेल्या थोड्या नव्या ऑइलने कॅलिपरमधले जुने ऑइल बदलत नाही. ते तिथे उकळले, त्याची वाफ झाली, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली गेले. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा द्रव झाले. काकांनी यावरून ‘आता ठीक आहे’ असा निष्कर्ष काढून गाडी महेश्वरला नेली आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परत आणली. चढणीला ब्रेक कमी लागतो एवढ्यावर ते निभावले. गाडी तिथेच ठेवून बसने यायला हवे होते, हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे.

परतल्यावर मात्र त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी गाडी थेट रिंग रोडवरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला : ‘अरे, तेवीस हजार म्हणतायत. ब्रेकचा मामला आहे, नाही तरी कसं म्हणू?’ हे वाक्य मी पुष्कळांच्या तोंडून ऐकले आहे. एसीच्या दुरुस्तीला माणूस घासाघीस करतो. ब्रेक म्हटले की त्याला घाटातले वळण आठवते आणि तो सही करतो. मी त्यांना इतकेच सांगितले की सही करू नका, अंदाज लेखी घ्या आणि सकाळी माझ्यासोबत चला.

सकाळी गाडी लिफ्टवर होती आणि डावे पुढचे चाक उतरवलेले होते. एक गोष्ट वर्कशॉपच्या बाजूने नोंदवायला हवी : चाक उतरवून आतले पॅड पाहणारे ते पहिले होते, आणि त्यांनी काकांना पाठवलेला फोटो खरा होता. मी व्हर्नियर लावला. डावे बाहेरचे पॅड ६.८ मिलिमीटर होते. डाव्या आतल्या पॅडचा थर वरच्या टोकाला १.१ आणि खालच्या टोकाला ०.४ मिलिमीटर उरला होता, म्हणजे ते पाचरीसारखे तिरके झिजले होते आणि आणखी शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये लोखंड डिस्कवर घासू लागले असते. उजव्या चाकाचे आतले ४.७ आणि बाहेरचे ५.१ होते. नवे पॅड साधारण दहा मिलिमीटरचे असते. या चार आकड्यांत दुखण्याचे निदान होते. या गाडीचा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. पिस्टन आतले पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर मागे सरकून बाहेरचे पॅड ओढून आणतो. पिन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही, बाहेरचे पॅड आळशी राहते, आतले एकटेच राबते आणि पाय काढल्यावरही पुरते सुटत नाही. म्हणूनच ते चाक तापत होते.

चाकापाशी काम करणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा असेल. मी कॅलिपर हाताने हलवून पाहत होतो तेव्हा तो माझ्याकडे न पाहता हळू आवाजात म्हणाला, ‘नीचे वाली पिन जाम है, अंकल. कैलिपर तो ठीक है.’ त्याने पान्याने पिन फिरवत-ओढत बाहेर काढली. तिच्यावर तपकिरी गंज होता आणि तिचे रबरी बूट, म्हणजे आवरण, एका बाजूने फाटलेले होते. पावसाचे पाणी तिथून शिरले होते. तेवढ्यात मॅनेजर आले आणि मुलगा दुसऱ्या गाडीकडे गेला.

लेखी अंदाजात पॅड, दोन्ही डिस्क, दोन्ही कॅलिपर, मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग), मागचे लायनर, ऑइल आणि मजुरी असे सर्व काही होते. मास्टर सिलिंडर का, असे विचारल्यावर उत्तर आले की पेडल तळाला गेले होते. याची परीक्षा गाडीत बसून दोन मिनिटांत करता येते. लिफ्ट खाली घेऊन चाक बसवल्यावर, इंजिन बंद ठेवून मी पेडल चार-पाचदा दाबले, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधली साठलेली निर्वात पोकळी संपली. मग पाय घट्ट दाबून एक मिनिट धरला. पेडल तसूभरही खाली सरकले नाही, अर्थात मास्टर सिलिंडर दाब धरून होता आणि कुठे गळतीही नव्हती. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केले, तेव्हा पेडल किंचित खाली आले, म्हणजे बूस्टरही काम करत होता. दोन्ही कॅलिपरांच्या पिस्टनचे रबर कोरडे आणि शाबूत होते, आणि शिकंज्याने दाबल्यावर पिस्टन सहज आत गेले. मागचे ड्रम उघडायला लावले. लायनर तीन मिलिमीटरच्या वर होते, आणि ही मर्यादा बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरच्या आसपास धरतात.

डिस्कचा वाद थोडा लांबला, आणि तिथे मॅनेजर अगदीच निराधार बोलत नव्हते. डिस्कच्या बाहेरच्या काठावर गंजलेली कड उभी राहिली होती आणि तिच्यावर बोट फिरवून ते म्हणाले की खड्डा पडला आहे. अशी कड जुन्या डिस्कला येतेच, कारण पॅड अगदी काठापर्यंत पोचत नाही. डिस्क बदलायची की नाही हे त्या कडेवरून ठरत नाही. या डिस्कच्या अंगावर किमान जाडी १५ मिलिमीटर अशी कोरलेली होती आणि तो आकडा निर्णायक असतो. व्हर्नियरचे जबडे सरळ लावले तर ते कडेवर अडतात आणि जाडी आहे त्याहून जास्त दिसते, म्हणून मी दोन्ही बाजूंना एक-एक रुपयाचे नाणे धरून माप घेतले आणि नाण्यांची जाडी वजा केली : डावी १६.२, उजवी १६.५. डाव्या डिस्कच्या आतल्या तोंडावर गोल ओरखडे होते, पण नख अडेल इतके खोल नव्हते, आणि निळे डाग किंवा तडे नव्हते. एखाद्या काटेकोर माणसाने इतक्या तापलेली डिस्क बदलली असती तर मी त्याला लबाड म्हटले नसते. मी ती ठेवावी असे सुचवले, कारण ब्रेक दाबताना पेडलला किंवा स्टिअरिंगला थरथर नव्हती, जी वाकलेल्या डिस्कला असते.

कागदावर आणखी दोन गोष्टी होत्या. पॅडची किंमत २,६०० रुपये लावून तिच्यावर २८ टक्के जीएसटी वेगळा धरला होता. वाहनांच्या सुट्या भागांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे, आणि तो जुना दर असता तरी डब्यावर छापलेल्या कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात. मी डबा दाखवायला सांगितले, तर माल मागवावा लागेल असे उत्तर मिळाले. जुने भाग काकांना परत मिळतील का, यावर ते ‘कंपनी में जमा होते हैं’ असे म्हणाले. शेवटी काकांनी फक्त पॅड, पिन आणि ऑइल एवढेच काम करून द्या असे विचारून पाहिले. मॅनेजर म्हणाले, ‘सेफ्टी का मामला है, आधा काम हम नहीं करते.’ तपासणीचे ६०० रुपये भरून, त्याची पावती घेऊन आणि टो-ट्रकला १,२०० देऊन आम्ही गाडी तिथून हलवली. बाराशे रुपयांवर काका दिवसभर धुसफुसत होते; मी मात्र ०.४ मिलिमीटरवर ती गाडी रिंग रोडवर चालवू देणार नव्हतो.

तिसरे गॅरेज भंवरकुआँकडे आहे, दोनच माणसांचे. तिथल्या उस्तादांनी पॅडचा सीलबंद डबा काकांच्या हातात दिला, त्यावरची किंमत १,९८० त्यांना वाचायला लावली आणि मगच तो उघडला. पॅड दोन्ही चाकांना एकदमच बदलले, कारण एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला अर्धे झिजलेले ठेवले तर गाडी ब्रेकवर एका बाजूला ओढते. चारही पिनांचे बूट नवे घातले आणि त्यांना सिलिकॉनचे ग्रीस लावले. साधे ग्रीस लावले तर रबर फुगते आणि पिन पुन्हा जाम होते. पिस्टन मागे दाबण्यापूर्वी उस्तादांनी टाकीतले थोडे ऑइल पिचकारीने काढून घेतले. जुलैत वरपर्यंत भरलेले ते ऑइल पिस्टन मागे सरकताच उतू जाऊन गाडीच्या रंगावर सांडले असते, आणि ते रंग खाते. मग मागच्या चाकापासून सुरुवात करून प्रत्येक चाकाच्या ब्रेकमधली हवा काढत जुने ऑइल सोडले. बाटलीत ते कोऱ्या चहासारखे काळपट उतरले आणि नवे मधासारखे येईपर्यंत त्यांनी पेडलवरच्या मुलाला थांबू दिले नाही. पॅड १,९८०, पिनांचा संच ३४०, ऑइल ४२० आणि मजुरी २,०००, असे पक्के बिल झाले आणि जुने पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून मिळाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सुपर कॉरिडॉरच्या मोकळ्या रस्त्यावर नवे पॅड डिस्कवर घासून बसते करून घेतले, म्हणजे पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत हळू ब्रेक लावायचा, मध्ये चाक थंड होऊ द्यायचे, असे वीस वेळा केले. काकू मागे बसल्या होत्या. शिट्टी गेली असे त्यांनी सांगितल्यावरच काकांनी गाडी घराकडे वळवली.

ते गुंडाळलेले पॅड काका आपल्या जुन्या मिस्त्रीकडे घेऊन गेले, भांडायला नव्हे असे म्हणत. मिस्त्रीने पुडी उघडली, दोन्ही डावे पॅड शेजारी शेजारी धरून पाहिले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘बाबूजी, पहिया नहीं खोला था.’ काकांची गाडी अजून त्याच्याकडेच जाते. जानेवारीत पंक्चर काढायला चाक उतरवले होते, तेव्हा त्याने काही न सांगता मला बोलावून घेतले आणि व्हर्नियर मागितला : डावे आतले ९.७, बाहेरचे ९.७.